छताचा भांग

माझी वहिनी कुणाच्याही घरी गेली की आधी वर बघते. समोरचा माणूस दार उघडून "या, या" म्हणतोय, आणि ही चौकटीच्या माथ्याकडे बघत उभी. मग हळूच म्हणणार, "एकशे शहाण्णव." सेंटिमीटर! एकदा दादाला सडकून ताप भरला होता. दवाखान्यात डॉक्टर नाडी बघतायत आणि ही त्यांना विचारते, "या दारातून स्ट्रेचर वळतं का हो?" वळत नव्हतंच. महिन्याभरात डॉक्टरांनी दार रुंद करून घेतलं, आणि दादा आजतागायत सांगतो की मी मरायला टेकलो होतो आणि माझी बायको दार मोजत होती.

वहिनी गोदीत नकाशे काढते. युद्धनौकांचे. मी त्याच गोदीत वेल्डर. मला सगळे ठिणगी म्हणतात, आणि ते फक्त कामावरून नाही. माझं डोकं लवकर तापतं, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. दादा घड्याळं दुरुस्त करतो. वजन एकशे चौदा किलो, आणि काम सुईएवढ्या चाकांशी. वहिनी रोज त्याच्या ताटाकडे बघून म्हणते, "अहो, पुरे आता." तो रोज म्हणतो, "हा शेवटचा घास." आमच्या घरात हे घड्याळाच्या टोल्यासारखं चालतं.

वहिनी बावीस वर्षांपूर्वी गोदीत लागली ती दुसऱ्यांचे नकाशे गिरवायला. बाकीचे गिरवून मोकळे व्हायचे. ही विचारायची, "हे कपाट उघडलं तर समोरचा माणूस कुठे उभा राहणार?" साहेब लोक वैतागायचे. पण दोनदा कपाट खरोखरच उघडेना, तेव्हा तिच्या हातात पेन्सिल दिली. आधी जिने, मग दारं, मग दारूगोळ्याच्या खोल्या, आणि शेवटी हँगर. तेव्हापासून ती हँगरबाई.

हँगर म्हणजे जहाजावरचं हेलिकॉप्टरचं घर. जहाजाच्या मागच्या टोकाला सपाट डेक असतं, तिथे हेलिकॉप्टर उतरतं. मग त्याचे पंखे मागे दुमडायचे, त्याला ओढत घरात न्यायचं आणि दार लावायचं. सांगायला एवढंच. पण बांधायचं कुठे? पुढे सरकावं तर तिथे धुराडं. दोन गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल इंजिनं यांचा सगळा धूर तिथूनच बाहेर पडणार, ते वीतभरही हलत नाही. मागे सरकावं तर उतरायची जागा कमी. जमीन डेकच्या पातळीतच हवी. उरलं काय, तर छत. आणि छतावर पहारा किलोसाहेबांचा.

किलोसाहेब म्हणजे आमचे मुख्य आरेखक. कुणी काहीही घेऊन गेलं की त्यांचा एकच प्रश्न, "वर किती किलो?" जहाजात वजन जितकं वर जाईल तितकं जहाज डोलणार, म्हणून डेकच्या वर चढणाऱ्या प्रत्येक किलोशी त्यांचं वैर. बरोबरच आहे म्हणा. पण आपण नुसता चहाचा कप घेऊन वरच्या मजल्यावर चाललो तरी त्यांच्या कपाळाला आठी!

तर या नव्या जहाजाचा हँगर वहिनीचा. दार पाच मीटर पाच सेंटिमीटर उंच. पंखे दुमडलेलं हेलिकॉप्टर चार मीटर नव्वद. वर पंधरा सेंटिमीटर मोकळे. कागदावर बेस.

पण आमच्या गोदीत कागदावर कुणी विसंबत नाही. लोखंड कापायच्या आधी अख्खा हँगर प्लायवूडमध्ये उभा करतात, खऱ्या मापाचा. आत नळ, दिवे, आग विझवायचे पाइप, सगळं लाकडाचं नाहीतर पुठ्ठ्याचं. हेलिकॉप्टरही खोटंच. लाकडी अंग, वर पंख्याच्या डोक्याचा ठोकळा, खाली लोखंडी नळीचे तीन पाय, टोकाला चाकं. ते पाय मी वेल्ड केले होते. लक्षात ठेवा, पाय माझे.

शुक्रवारी तपासणी झाली. ज्या वैमानिकाला या जहाजावर जायचं होतं तो आला होता. उंच, हसरा, बोलताना दोन्ही हातांनी हेलिकॉप्टर उडवून दाखवणारा. वहिनीने त्याला पिळून काढलं अगदी. धुराड्याचा त्रास होतो का? दार उघडायला किती वेळ चालेल? तो म्हणाला, "बाई, गरम हवा पातळ असते. धुराड्याचा झोत डेकवर आला ना, की वरच्या पंख्याला पकडच मिळत नाही. खालून डेक लाटेवर वर येतंय, मी खाली चाललोय, आणि मधेच हवा सुटते! जीव इथे येतो." त्याने गळ्यावर बोट ठेवलं. वहिनीने लगेच त्याला धुराड्याचं तोंड दाखवलं, बाहेरच्या अंगाला वळवलेलं. गडी खूश.

मग आम्ही आठ जणांनी ते लाकडी धूड ढकललं. सरसर आत गेलं! टाळ्या. किलोसाहेब चक्क हसले. त्यांनी वहिनीला सगळ्यांसमोर सांगितलं की सोमवारी दहा वाजता हँगरचा पहिला पत्रा कापायचा, आणि दुपारी तुझं पत्र. पत्र म्हणजे बढतीचं. पुढच्या जहाजाचं मागचं निम्मं अंग तिच्या हाताखाली. बावीस वर्षं! मला तर नाचावंसं वाटत होतं, आणि मी थोडासा नाचलोही.

घरी शनिवारी दिवसभर तेच. दादाने आनंदाच्या भरात स्कूटरला नवी उंच काच बसवून आणली. "आता प्रमुखबाईंना वारा लागायला नको," म्हणे.

रविवारी सकाळी दोघं बाजारातून आली. आमच्या इमारतीत स्कूटर ठेवायची जागा जिन्याखाली. पुढचं चाक जिन्याच्या उतरत्या पोटाखाली जातं, सीट बाहेर राहते. दादाने बसल्या बसल्या स्कूटर आत रेटली. नवी काच जिन्याखालून बोटभर अंतर राखून गेली. मग दादा उतरला.

कट्!

काच वर जाऊन जिन्याला अडकली. दादाने मागे ओढली, हलेना. मी ओढली, हलेना. मी चिडून म्हणालो, "कुणी सांगितलं होतं एवढी उंच काच बसवायला?" दादा शांतपणे म्हणाला, "अरे, ओरडतोस काय? मी बसलो की निघते." तो बसला. शॉकॲब्सॉर्बर दबला, काच खाली आली, स्कूटर अलगद बाहेर.

मी हसत सुटलो. वहिनी हसत नव्हती. तिच्या हातातली पिशवी खाली टेकली होती.

"अहो, परत आत घ्या," ती म्हणाली.

"अगं, कशाला?"

"घ्या ना. आता उतरा."

कट्!

"बसा."

"उतरा."

असं पाच वेळा. शेजारचे काका बाल्कनीतून बघायला लागले. दादा घामाघूम. "व्यायामाची ही कुठली नवी तऱ्हा?" त्याने विचारलं. वहिनीने पर्समधून टेप काढला, काचेपाशी धरला, आणि म्हणाली, "तीन सेंटिमीटर. नुसत्या एका माणसाने." मग माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक. "भावजी, तुम्ही त्या लाकडी हेलिकॉप्टरला पाय कसले लावले?"

"नळीचे. नकाशात होते तसे."

"ताठ?"

"मग काय वाकडे लावू?"

आणि बोलता बोलता माझ्याही डोक्यात लख्ख झालं. खऱ्या हेलिकॉप्टरच्या पायांना शॉकॲब्सॉर्बर असतात! भरलेलं असताना ते दबतं, रिकामं झालं की वर उचललं जातं. आमच्या लाकडीला पाय होते, गुडघे नव्हते.

वहिनी जिने चढून वर धावली. हेलिकॉप्टर बनवणाऱ्यांची जाडजूड पुस्तिका तिने जेवणाच्या टेबलावर उघडली. उंचीचे दोन तक्ते होते, लागोपाठच्या पानांवर. पहिला पूर्ण भरलेल्या हेलिकॉप्टरचा, चार मीटर नव्वद. दुसरा रिकाम्याचा. त्यात पाच मीटर नऊ. तिने पहिला घेतला होता. सगळ्यांनी पहिलाच घेतला होता, कारण जहाजाच्या कामात नेहमी जास्तीत जास्त वजन धरायची सवय. डेक किती भार पेलेल, दोर किती ओढेल, सगळीकडे भरलेलंच धरतात. उंचीचं मात्र उलटं असतं हे कुणाच्या ध्यानीमनी नाही.

"आणि हँगरमध्ये ते कधी जातं?" वहिनी स्वतःशीच बोलत होती. "उडून आल्यावर. तेल संपलेलं, टॉर्पेडो सोडून झालेले. आत जातानाच ते सगळ्यांत उंच असतं हो!"

चार सेंटिमीटर कमी पडत होते. कपाळमोक्षच तो.

आता माझी लाज सांगतो. मी म्हणालो, "वहिनी, उद्या दुपारी पत्र हातात पडू दे. मंगळवारी सांगा. चार पत्रे वाया जातील, दुसरं काय? बावीस वर्षं गिरवलंत तुम्ही. एक दिवस थांबायला काय जातंय?"

ती एवढी माझ्यावर कधीच चिडली नव्हती. "चार पत्रे?" ती म्हणाली. "अहो भावजी, दहाला पहिला पत्रा कापला की नकाशा गोठला. मग प्रत्येक जण म्हणणार, आता कुठे बदलता, वैमानिक सांभाळून घेतील. आणि ते पोर लाटेवर जीव मुठीत घेऊन उतरणार, आणि बाहेर त्याचं हेलिकॉप्टर वाऱ्यात उभं! मी पत्र घेऊन काय त्याची आरास करू?"

दादा म्हणाला, "आधी दोन घास खाऊन घे, मग भांड." तिने खाल्लं नाही. टेबलावरच कागद पसरला.

अडचण अशी होती की छत सरसकट वर घेणं शक्यच नव्हतं. छतावर दोन अंगांना दोन तोफा बसणार होत्या. छत वर म्हणजे त्या वर, म्हणजे जहाज डोलणार, म्हणजे किलोसाहेब आम्हालाच समुद्रात टाकणार. वहिनी दुपारभर रेघा मारत आणि खोडत होती. चारच्या सुमाराला ती आरशासमोर केस नीट करायला उठली, आणि फणी हातात तशीच घेऊन परत आली.

"सगळं हेलिकॉप्टर कुठे उंच आहे? उंच काय आहे, तर फक्त पंख्याचं डोकं. आणि ते मधोमध आहे!" तिने छताच्या मधोमध, दारापासून आतपर्यंत, दोन समांतर रेघा ओढल्या. ऐंशी सेंटिमीटर रुंद, पंचवीस सेंटिमीटर उंच अशी एक पन्हळ. तोफा आपल्या जागी, छत आपल्या जागी, फक्त मधली पट्टी वर उचललेली. दाराच्या माथ्याला तेवढीच एक छोटी झडप.

"छताला भांग पाडलात की," मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा ती हसली.

सोमवारी आठ वाजता ती किलोसाहेबांच्या खोलीत होती. मी बाहेर, पण ते बोलले ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. "शुक्रवारी आत गेलं ना ते? माझ्या डोळ्यांदेखत गेलं ना?"

"ते भरलेलं होतं साहेब. रिकामं नाही जाणार. नकाशा माझा आहे, चूक माझी आहे."

"दोन तासांत कापणी आहे. मोठमोठी माणसं येतायत. आणि तू मला स्कूटरची गोष्ट सांगतेस?"

झालं, माझा पारा चढला. मी दार ढकलून आत गेलो. म्हणालो, "साहेब, मला एक तास द्या. पाय मी लावलेत, मीच वाढवतो. मग ढकला आत आणि बघा काय होतं ते." वहिनी डोळ्यांनी मला गप्प बसवत होती. किलोसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "पन्नास मिनिटं."

काय सांगू तुम्हाला! मी शेडकडे पळालो. जॅकवर ते धूड उचललं, गॅस कटरने तिन्ही पाय कापले, मधे एकोणीस-एकोणीस सेंटिमीटरचे तुकडे बसवले. हाताला चटके बसत होते, कळत नव्हते. वहिनी टेप धरून प्रत्येक तुकडा मोजत होती. "अठरा नऊ! अजून मिलिमीटर!" मी ओरडलो, "वहिनी, वेल्डिंग आहे हे, रांगोळी नाही!" ती तिकडून ओरडली, "मिलिमीटर म्हणजे मिलिमीटर!"

साडेनऊला शेड भरली. किलोसाहेब, वैमानिक, कोट घातलेले पाहुणे. आम्ही आठ जण मागे लागलो. "हं, जोर लावा!" धूड हललं, चाकं फिरली, दार जवळ आलं.

धाड!

पंख्याच्या डोक्याचा ठोकळा दाराच्या माथ्यावर आदळला. प्लायवूड उभं चिरलं आणि फळीचा तुकडा किलोसाहेबांच्या पायाशी पडला.

वैमानिक पुढे आला. त्याचं हसणं कुठच्या कुठे गेलं होतं. तो म्हणाला, "अडीच तास उडून आलो की माझ्या टाकीत दहा मिनिटांचं तेल उरतं. मी असाच असतो, पाय ताणून उभा. हे मला आठवायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

किलोसाहेबांनी फळी उचलली. वहिनीने भांगाचा नकाशा पुढे केला. त्यांनी बराच वेळ बघितला. आम्हा सगळ्यांना प्रश्न ठाऊक होता.

"वर किती किलो?"

"चारशे दहा."

"कापणी पुढे ढकला," ते म्हणाले.

ही झाली जीत. पण दुपारचं पत्र आलं नाही. किलोसाहेबांनी तिला बोलावून तोंडावर सांगितलं, "चूक तू स्वतः सांगितलीस, म्हणून नकाशावर नाव तुझंच राहील. पण चूक तुझी होती, म्हणून खुर्ची यावेळी नाही." खुर्ची दुसऱ्याला गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आठ दिवस त्या साहेबाच्या मजल्यावर पाय ठेवला नाही, याचा त्यांना काही पत्ताही नसेल. वहिनी घरी आली, दार लावून घेतलं आणि रडली. रडणारच! कुणाला वाईट वाटणार नाही? दादा दाराबाहेर स्टूल टाकून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती झडपेच्या बिजागऱ्या कागदावर काढायला बसली होती.

चार वर्षांनी जहाज पाण्यात चाचणीला निघालं. किरकोळ दुरुस्तीसाठी वेल्डर हवा म्हणून मी होतो. आणि यादीत, किलोसाहेबांच्या हस्ताक्षरात, हँगरबाई. एवढी वर्षं जहाजं काढली, पण वहिनी समुद्रावर पहिल्यांदाच जात होती. उलट्या करून करून अर्धी झाली, पण हँगर सोडायला तयार नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्र चांगलाच उसळला होता. टर्बाइनं सुरू झाली आणि अख्खं डेक पायाखाली थरथरायला लागलं. तेवढ्यात आकाशात ठिपका. तोच वैमानिक! आला, डेकवर थबकला, डेक वर-खाली होतंय, हा वरच थांबलेला, आणि एका क्षणात धप्प! आम्ही सगळे ओरडलो. पंखे थांबले, दुमडले. दोर लावला, आणि हेलिकॉप्टर दाराकडे निघालं, टाक्या रिकाम्या, पाय ताठ.

झडप उघडली. वहिनी छताकडे बघत होती, हाताची मूठ तोंडाशी. पंख्याचं डोकं दाराच्या माथ्यापाशी आलं, आणि सरळ भांगात शिरलं. जहाज कललं, डोकं थोडं झुललं, कुठे काही लागलं नाही. वर एकवीस सेंटिमीटर मोकळे. ते एकवीस सेंटिमीटर बघत मी वेड्यासारखा नाचलो, आणि यावेळी थोडासा नाही.

वैमानिक उतरून आधी तिच्याकडे आला. हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "बाई, हे सुचलं कसं हो तुम्हाला?" मागे किलोसाहेब उभे होते. त्यांनाही ऐकायचं होतं. वहिनीने तोंड उघडलं, पण तिला बोलताच येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसतेय.

बंदरात जहाज लागलं तेव्हा दुपार होती. फाटकाबाहेर दादा स्कूटर घेऊन आला होता. आम्हाला बघताच त्याने दोन्ही हात वर केले आणि उतरायला एक पाय जमिनीवर टेकवला.

"अहो, उतरू नका!" वहिनी फाटकातूनच ओरडली. "बसून राहा!"

तो गोंधळून तसाच बसून राहिला. ती पळत गेली, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळा भार देऊन त्याला खाली दाबलं. शॉकॲब्सॉर्बर करकरला. चौकीदार बघतोय, किलोसाहेबांची गाडी मागे खोळंबलीये, आणि ही रडत रडत त्याला म्हणतेय, "आज पोटभर जेवा. मी काही म्हणणार नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी बॅग उचलली आणि बस पकडायला निघालो, कारण स्कूटरवर तिघांना जागा नव्हती.